वाळू वरच होती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आदिलाबादजवळच्या जैनथच्या बसस्टँडवर समुद्राच्या शंभर गोष्टी सांगितल्या — बसएवढा मासा, माझी चप्पल घेऊन पळालेला खेकडा, त्याच्याशी मी तेलुगूत केलेली घासाघीस. लोक पोट धरून हसतात. बायको म्हणते, "काऊन एवढ्या फेकून राह्यले?" फेकतोच मी. पण त्या थापांवर लोक मला हसतात. एकदा मी खोटं बोललो — आणि लोक दुसऱ्याला हसले.

तेलुगू मुलखाचं राज्य अजून एकच होतं. पेनगंगेपलीकडे पाणी न पाहिलेला मी, समुद्राच्या गाळावर काम करणाऱ्या मॅडमच्या हाताखाली लागलो. समुद्राच्या तळच्या चिखलात किडे, खेकडे राहतात. आपल्या काळ्या रानात गांडूळ करतं तेच ते करतात — वरचं खाली, खालचं वर. त्यावर तळ जगतो, मासळी जगते. ट्रॉलरचं जड जाळं तळ खरवडत गेलं की हेच मरतात. लहान होडीवाला अप्पन्ना म्हणायचा, किनाऱ्याजवळ ट्रॉलर नकोत. मॅडमना पुरावा हवा होता.

म्हणून ट्रॉलर फिरलेल्या पट्ट्यातला चिखल आम्ही पारदर्शक नळ्यांत जसाच्या तसा काढला. वर लाल रंगवलेली वाळू पसरली. किडे असतील तर वाळू खाली नेतील, नसतील तर ती वरच राहील. नळ्या अप्पन्नाच्या ओसरीत, खाऱ्या पाण्याच्या टबात उभ्या. सुनेला तो तिकडे शिंकूही देत नव्हता. वाळू वरच राहिली. त्यानं पाहिली, मीही पाहिली.

मग नळ्या जीपमधून न्यायचं काम माझ्याकडे आलं. वाटेत कुणीतरी ताजे झिंगे दिले — हे एवढाले! (बरं, बोटाएवढे.) नळ्या उभ्या ठेवायला बादली एकच. झिंगे बादलीत गेले, नळ्या सीटखाली — आडव्या. रस्ता खड्ड्यांचा. पोचलो तेव्हा लाल वाळू तळापर्यंत मिसळलेली.

"उभ्याच आणल्यास ना?" मॅडमनी विचारलं.

"लेकरासारख्या मांडीवर धरून, मॅडम!"

त्या हसल्या. विश्वास ठेवला. अहवालात आलं, तळ जिवंत आहे.

इथंच थांबलो असतो तर? नाही थांबलो. गावच्या बैठकीत अहवाल वाचला तेव्हा अप्पन्ना उठला. "वाळू वरच होती. याला विचारा, यानं पाह्यलंय." सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — सगळ्यांसमोर बडबडणारा मी — म्हणालो, "ओसरीत अंधार हो अप्पन्ना, अन् तुमचे डोळे आता म्हातारे झाले."

लोक हसले. तो खाली बसला. ट्रॉलर राहिले. पुढे त्यानं होडी विकली.

राज्य फुटलं, समुद्र तिकडे गेला, मी इकडे आलो. सुटलो, असं वाटलं होतं.

उद्या आदिलाबादहून निघतोय. मॅडमना सांगितलंय, अप्पन्नाच्या गावातच भेटा. बायको विचारते, "आता तिथं काय फेकाले चालले?" तिला हे वाचायला ठेवून जातोय. तिथं बैठक जिथं भरली होती, त्याच जागी उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे: अप्पन्नाचे डोळे ठीक होते. वाळू वरच होती. नळ्या मी आडव्या टाकल्या, झिंग्यांसाठी.