पोह्यांच्या ट्रेमधलं रिव्हॉल्व्हर

गोदामवाल्यांना जमिनी विकल्यावर आमच्या गावात कुणी बंगले बांधले, कुणी मोठ्या गाड्या घेतल्या. माझ्या बाबांनी रिव्हॉल्व्हरं जमवली. ब्रिटिशांच्या काळातल्या पोलिसांची, निकामी करून नळ्या बुजवलेली, प्रत्येकाचे कागद रीतसर केलेले. अशी चार होती. बाबा रोज त्यांना तेल लावत बसत, म्हणून आई त्यांना सवती म्हणायची.

मी पडघ्याला एका गोदामात डिस्पॅचला होते. गणेशपुरीकडचं एक स्थळ मला बघायला येणार होतं, आणि लग्नानंतर नोकरी चालणार नाही असं मध्यस्थानं आधीच कळवलं होतं. मी नको म्हटलं. आई म्हणाली, बघून गेले तर काय बिघडतं. मग मी ठरवलं, नकार त्यांच्याकडूनच येऊ दे.

मुलगा आणि त्याचे आईवडील येऊन बसले. बाबा थंड आणायला कोपऱ्यावर गेले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. बशांच्या मधोमध सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं.

"बाबांचं आहे," मी जमेल तितक्या नम्रपणे म्हणाले. "मलाही फार आवड आहे."

मुलाच्या वडिलांचा हात बशीकडे जाता जाता थांबला. मुलगा सोफ्याच्या कडेला सरकला. त्याच्या आईनं मात्र पदराला हात पुसून ते उचललं. तिचा आजा त्या काळी पोलिसात होता. त्याच्या हत्याराला भावांना हात लावू देत, तिला कधीच नाही. एक डोळा मिटून तिनं आधी कॅलेंडरवर नेम धरला, मग नवऱ्याच्या टकलावर. तो बिचारा खाली वाकला.

तेवढ्यात बाबा आले. जन्मात पहिल्यांदा त्यांना मनासारखा श्रोता मिळाला होता. त्यांनी उरलेली तीनही काढली. पोहे गार झाले, माझा बेत पार बुडाला.

"पोरगी आमाला पसंत हाय," बाईंनी जाहीर करून टाकलं.

आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मी सरळ सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही, नोकरीही सोडायची नाही. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. त्याचं कल्याणच्या एका मुलीशी जमलं होतं, घरी सांगायचा धीर होत नव्हता.

"मग आत्ताच खाली जाऊन सांगा," मी म्हणाले.

"आईच्या हातात रिव्हॉल्व्हर आहे," तो म्हणाला.

शेवटी मी पुढे झाले, तो माझ्या मागून आला. सगळं ऐकून बाईंनी हातातलं टीपॉयवर ठेवलं आणि लेकाला एवढंच विचारलं, की मग इथं कशाला आणलंस आम्हाला? माझ्यावर मात्र त्या रागावल्या नाहीत.

कल्याणच्या लग्नाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं. नवरी बँकेत नोकरीला होती, आणि ती सोड म्हणायची कुणाची टाप झाली नव्हती. पंगतीत बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, बाबा त्यातलं एखादं विकतील का?