तुझं तू ठरव

अण्णा गेल्याचा फोन आईनेच केला. "गेले गं..." एवढंच म्हणाली. मी इंदिरानगरच्या घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता, आणि आत वडिलांचे अंबडच्या कंपनीतले जुने मित्र एकमेकांना सांगत होते, मुलीवर त्यांनी कधी काही लादलं नाही हो, सगळे निर्णय तिचे तिने घेतले. दीड महिना झाला, भेटायला येणारा जो तो हेच म्हणतोय. मी मान डोलावते, चहा पुढे करते आणि आतल्या आत नुसती धुमसते.

शब्दांपुरतं ते खरंच आहे. 'तुझं तू ठरव' हे अण्णांचं पेटंट वाक्य. फक्त ते म्हणता म्हणता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला, की त्याचा अर्थ 'नाही' असा व्हायचा. आईला हे ठाऊक होतं, मलाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दहावी झाल्यावर मला चित्रकलेला जायचं होतं. तुझं तू ठरव, आम्ही कोण सांगणारे, असं म्हणून अण्णा चष्मा पुसत बसले. मग घरात अबोला. अर्ध्या जेवणावरून उठणं. आईची गयावया करणारी नजर... शेवटी मीच जाऊन सांगितलं, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करते. अण्णांनी पेढे आणले आणि गल्लीभर वाटत सुटले, पोरीने स्वतः ठरवलं म्हणून! अहो, हुकूम सोडला असता तर निदान भांडले तरी असते. इथे भांडायचं कोणाशी?

लग्नाच्या वेळी मात्र मी चष्म्याकडे बघितलंच नाही. त्यांचा शब्द धरला आणि माझ्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं. अण्णा आले, पाहुण्यांची विचारपूस केली, आणि पुढे कित्येक वर्षं माझ्याशी आईमार्फत बोलले. "तिला म्हणावं, जेवून जा." मी समोरच उभी असायचे.

शेवटच्या आजारपणात न राहवून विचारलं, "अण्णा, मनात असायचं ते सरळ का नाही सांगितलंत कधी?"

त्यांना खरोखर नवल वाटलं. "मी कधी अडवलं तुला?"

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला राग येतो तो त्याचाच. माणूस निघून गेला, माझं भांडण माझ्यापाशीच राहिलं.

परवा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने, सईने, जाहीर केलं की तिला भरतनाट्यमचा क्लास सोडून कबड्डीला जायचंय. मी पेपर वाचत होते. "तुझं तू ठरव," मी म्हणाले. अगदी मोकळ्या मनाने म्हणाले, असं मला तरी वाटलं. ती जागची हलली नाही. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत राहिली.

"राहू दे आई," ती हळूच म्हणाली. "भरतनाट्यमच करते मी."

मी खाली पाहिलं. चष्मा माझ्या हातात होता, आणि ओढणीच्या टोकाने मी तो पुसत होते.