शेजारणीकडे ठेवलेलं प्रस्थान

ज्या गावात डिसेंबरात सूर्य सकाळी दहाला उगवतो आणि अडीचला मावळतो, तिथला राहुकाळ कसा काढायचा हे माझ्या आईला कुणी शिकवलेलं नव्हतं. तरी तिने तो काढला. नागपुरात, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी राहून तिने मला फोनवर सांगितलं की रविवारी पश्चिमेला दिशाशूल असतो, म्हणजे त्या दिवशी पश्चिमेला निघू नये. मी नेमकी रविवारीच नॉर्वेतून अमेरिकेला निघणार होते.

"तिकीट काढून झालंय, आई."

"मग प्रस्थान ठेव. गुरुवार चांगला आहे. अकराच्या आत ठेव."

"नागपूरचे अकरा की इथले?"

"जास्त शहाणी नको बनू. सांगून राहिली तेवढं कर."

हल्लीच्या लोकांना प्रस्थान ठेवणं माहीत नसतं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, हळकुंड-सुपारी घालून, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. त्या क्षणी तुम्ही निघालात असं धरायचं. मग खरं निघताना ती वस्तू तिथूनच उचलायची, परत घरात आणायची नाही. देवाला फसवायची ही युक्ती कुणी काढली असेल त्याचं मला कौतुकच वाटतं. मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आईच्या आवाजाला नाही म्हणणं मला चाळिशी उलटली तरी जमलेलं नाही.

ट्रॉन्डहाइममध्ये आम्ही सात वर्षं राहत होतो. नवरा मूळचा पुण्याचा, तिथल्या नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरीला. तिथली भाषा तो घासून घासून शिकला होता, अंगणातला बर्फ सरळ रेषेत कापायचा आणि शेजाऱ्यांच्या वाकड्या रेषांना मनातल्या मनात नावं ठेवायचा. मुलगी नऊ वर्षांची. आम्ही मराठीत रागवायचो, ती नॉर्वेजियनमध्ये उत्तर द्यायची. मी सेन्सरच्या चिप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. कंपनीने स्वतःचं उत्पादन बंद केलं आणि मला रिपोर्ट लिहायला बसवलं. दोन वर्षं मी मशीनला हात न लावता मशीनबद्दल लिहीत होते. जेवून आलेल्या माणसाकडून जेवणाचं वर्णन ऐकत बसावं, तसं ते होतं. त्यात माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. ॲरिझोनात चँडलरला, चिपच्या खऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली तेव्हा मी घरी विचारायच्या आधी हो म्हणून बसले होते.

अडचण एकच होती, पण ती साधी नव्हती. माझ्या व्हिसावर नवरा डिपेंडंट म्हणून येऊ शकत होता, पण त्याला तिथे काम करता येणार नव्हतं, निदान बरीच वर्षं तरी. म्हणजे मला मशीन मिळणार आणि त्याने घरी बसायचं. त्याबद्दल आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तू हो पुढे. जूनमध्ये हिची शाळा संपली की बघू." मराठी घरांत या 'बघू'ने जेवढी लग्नं आणि जमिनींचे व्यवहार मोडले असतील, तेवढे भांडणांनीही मोडले नसतील. मला ते माहीत होतं. तरी मी तो होकार समजून बॅगा भरायला घेतल्या.

रुजू व्हायचं होतं तीन जानेवारीला. अठ्ठावीसला निघाले असते तरी चाललं असतं. पण मी पंचवीस डिसेंबरचं तिकीट काढलं, आणि नवऱ्याला सांगितलं की नाताळच्या दिवशी ते स्वस्त पडतं. ते खरंही होतं. त्याहून खरं असं की मला आता तिथे बसवत नव्हतं. खिडक्याखिडक्यांत लावलेले कागदी तारे, सात दिव्यांचे कंदील, दुपारी तीनला पडलेला अंधार, सगळं गाव कसं स्वस्थ बसलं होतं, आणि मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाच फेऱ्या मारत होते. वजनकाट्यावर बॅग दिवसातून चारदा चढवत होते.

गुरुवारी सकाळी, अजून उजाडायचं होतं, मी पिवळी कापडी पिशवी घेतली. तिच्यात हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ घातले. आई म्हणाली होती, प्रवासातलं खरं काहीतरी ठेव, नाहीतर त्याला अर्थ नाही. म्हणून मी माझी हिरवी फाईल ठेवली. तिच्यात पासपोर्ट होता, व्हिसा होता, नोकरीची सगळी कागदपत्रं होती. घरातल्या पसाऱ्यात ती हरवण्यापेक्षा तिथे बरी, असंही वाटलं. शेजारचं घर आमच्या पश्चिमेलाच होतं. तिथल्या बाई सत्तरीच्या, एकट्या, आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली होती. मी माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आत्ता निघालात." त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. पिशवी त्यांनी दाराजवळच्या बाकावर ठेवली आणि सांगितलं की सत्तावीसपर्यंत त्या घरीच आहेत.

शनिवारी चोवीस तारीख होती, आणि तिथला नाताळ चोवीसलाच असतो. दुपारी दुकानं बंद होतात, संध्याकाळी पाचला चर्चच्या घंटा वाजतात आणि मग कुणी कुणाच्या दारात जात नाही. दुपारी घरात तांदळाची खीर शिजलेली होती. तिच्यात एकच सोललेला बदाम टाकतात, ज्याच्या वाटीत तो येईल त्याला बदामाच्या लगद्याचं डुक्कर बक्षीस. मुलगी प्रत्येक घास तपासून खात होती. मी करंज्यांचा डबा घेऊन शेजारी द्यायला गेले. घर अंधारलेलं. बेल वाजवली. पायऱ्यांवर ताजा बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही.

दाराशेजारी काचेची अरुंद पट्टी होती. मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. बाकावर माझी पिवळी पिशवी होती. हात घातला असता तर लागली असती, मध्ये फक्त काच होती.

पुढचे दोन तास मी काय काय केलं ते आठवलं की अजून घाम फुटतो. शेजारणीला अकरा फोन केले, प्रत्येक वेळी बंद. समोरच्यांची बेल वाजवली. ते म्हणाले, काल संध्याकाळी मुलगा येऊन त्यांना डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरी घेऊन गेला, तिथे रेंज नाही. कुलूपवाल्यांचे नंबर फिरवले, सगळीकडे नाताळच्या शुभेच्छांचं रेकॉर्डिंग. विमान दुसऱ्या दिवशी अकराला. मी घरात यायची, पुन्हा बाहेर जायची, काचेतून पिशवी आहे ना बघायची, जणू ती उठून जाणार होती. नवरा खिरीच्या पातेल्यापाशी बसून होता. "होईल काहीतरी," एवढंच तो म्हणत होता. शेवटी मी अंगणातलं बर्फाचं फावडं उचललं आणि त्या दारापाशी गेले.

तो मागून आला. "फावड्याने काच फोडणार?"

"भरून देईन मी काच. तू बाजूला हो."

मी फावडं उचललंही होतं. तेव्हा त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

काही क्षण मला ती कसली किल्ली आहे तेच कळेना.

"काल मी बर्फ काढत होतो तेव्हा त्यांनी दिली," तो म्हणाला. "तुझी पिशवी आहे म्हणून."

"कालपासून तुझ्याकडे आहे? आणि दोन तास मी वेड्यासारखी..."

"हो."

"का?"

त्याने माझ्या हातातलं फावडं काढून भिंतीला टेकवलं. मग शांतपणे म्हणाला, "बघत होतो. बरं झालं, आता राहता येईल, असं एक क्षण तरी तुझ्या चेहऱ्यावर येतंय का."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त राग आला तो याचा, की त्याने दोन तास नीट पाहिलं होतं आणि त्याला ते दिसलं नव्हतं. मी खोटं बोलू शकले असते. म्हणू शकले असते की आलं होतं, तुझं लक्ष नव्हतं. मी किल्ली घेतली आणि दार उघडलं.

एवढं होऊनही ती पिशवी मी घरात आणली नाही. प्रस्थान परत आणायचं नसतं ना! गाडीच्या डिकीत ठेवली, उणे चौदात. ते बघून नवरा हसला. ते हसणं मला आवडलं नाही. आत गेलो तेव्हा मुलीला बदाम सापडला होता, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वाटीच्या कडेला ठेवून ती आमची वाट बघत होती.

चँडलरला पोचले तेव्हा लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते. निवडुंगांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, अंगणातल्या खडीवर हवा भरलेले सांता कलंडलेले. पहिला आठवडा मी ओळखीच्या एका काका-काकूंकडे काढला. काका डॉक्टर, आता रिटायर्ड, चाळीसेक वर्षांपूर्वी सोलापूरहून आलेले.

"डोन्ट वरी गं," काकू मला पोळी वाढत म्हणाल्या, "एकदा एकाने मूव्ह केलं की दुसरा येतोच. मी नाही का आले ह्यांच्या मागे? ऑफ कोर्स, ते उलटं होतं."

काका म्हणाले, "तुला चॉइस कुठे होता?"

"तेच तर म्हणतेय," काकू म्हणाल्या.

कामावर मी सुखात होते. हे सरळच लिहिते, कारण ते लपवायची मला फार सवय झाली आहे. चिपवर धूळ बसू नये म्हणून घालतात तो डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा सूट चढवून आत गेले की माझी तगमग थांबायची. बाहेर आले की पुन्हा सुरू. सकाळी सातला घरी फोन लावायचा, तिथे दुपारचे तीन, मुलगी शाळेतून आलेली असायची. ती बर्फावरून घसरलेल्यांची नावं सांगायची. मी इथल्या शाळांचे फोटो पाठवायचे. नवरा प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायचा. चार महिन्यांत मी दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं, पूल दिसेल अशी खोली मुलीला ठरवली, तिच्यासाठी निळा पलंग आणला. जोडायला पूर्ण शनिवार गेला.

जूनमध्ये ती दोघं आली. चव्वेचाळीस डिग्री ऊन. मुलगी दिवसभर पाण्यात, मी दिवसभर त्यांना काय काय दाखवू या घाईत. चौथ्या दिवशी शाळेच्या फॉर्मसाठी मी त्यांचे पासपोर्ट स्कॅन करायला घेतले. व्हिसाचं पान उघडलं. दोघांचाही टूरिस्ट व्हिसा होता, डिपेंडंटचा नव्हे.

मी पासपोर्ट घेऊन बाल्कनीत गेले. तो खाली पूलमधल्या मुलीकडे बघत उभा होता.

"हे काय आहे?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? एअरपोर्टवर?"

"मला घरी बसायला जमणार नाही," तो म्हणाला. "प्रयत्न करून बघावा असंही वाटत नाही. मी तुला थांबवलं नव्हतं. तू मला ओढू नकोस."

मी म्हणू शकले असते की मग मी परत येते. त्याने तेवढी जागा ठेवली होती, रेलिंगला टेकून तो थांबला होता. खालून मुलगी ओरडली, "से पो मै!" म्हणजे माझ्याकडे बघा. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघून हात हलवले. शाळेचा फॉर्म मी भरला नाही. तीन आठवड्यांनी त्यांना विमानतळावर सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्या दिवशी काम चांगलं झालं, हेही खरं आहे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. नाताळला मी जाते आहे, तिकीट काढलंय. आईला दिवस विचारला नाही. तिनेही सांगितला नाही. तिला सगळं माहीत आहे, फक्त कुणाला सांगताना ती म्हणते, "जावई तिकडचं आवरून राहिले."

काल मुलीने व्हिडिओ कॉल केला. फोन हातात धरून तिने मला सगळं घर फिरवून दाखवलं. माझं कपाट आता तिच्या स्कीच्या सामानाचं झालं आहे, ते तिने फार जपून सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. बैठकीतला सोफा उघडून तिने स्वतः चादर घातली होती, उशीवर टॉवेल घडी करून ठेवला होता. "नवा आहे," ती म्हणाली. मग फ्रिजवरच्या कॅलेंडरापाशी गेली आणि तिने पेन काढला.

"किती दिवस आहेस?"

"दहा."

तिने दहा चौकोनांवरून हळूहळू रेघ ओढली, जीभ बाहेर काढून, वडिलांसारखी सरळ. मग शेवटच्या चौकोनाशी थांबून तिने वळून विचारलं, "आणि मग तू घरी जाणार?"

"हो," मी म्हटलं.