रुपराव हाफ आणि ताराचंदचे दोन माग

पेपरात रुपराव ठवकरचं नाव उभ्या जन्मात तीनदा आलं, आणि त्यातलं दोनदा चुकीचं आलं. एकदा ठाकूर, एकदा ठक्कर. हाफच्या नशिबात हेच. गोल मारणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात, गोलीनं उडी मारली की टाळ्या पडतात; मधल्या पट्ट्यात दीड तास ऊर फुटेस्तोवर धावून याच्या पायातला बॉल काढून त्याच्या पायात नेऊन देणाऱ्याला कोण विचारतो? आता पोरं टीव्ही बघून मिडफिल्डर म्हणतात. तेव्हा नुसतं हाफ म्हणायचे, आणि मानही तेवढाच, अर्धा.

मौद्याकडचं पोरगं. एकसष्ट साली, विशीत असताना, नागपूरच्या श्रीकृपा मिलच्या टीमनं त्याला उचललं. मिलच्या सेठला फुटबॉलचं भारी वेड. कामठीच्या टीमांना हरवायचं हे एकच स्वप्न घेऊन तो माणूस झोपायचा आणि उठायचा. पण खेळाडूला पगार द्यायचा तर कोणत्या खात्यातून द्यायचा? खेळायचं खातं काही मिलमध्ये नव्हतं. मग तोड अशी निघाली की प्रत्येक खेळाडूला कायम कामगार म्हणून हजेरीपटावर चढवायचं. रुपराव चढला विणाई खात्यात. चौथ्या ओळीतले दोन माग त्याच्या नावावर. माग म्हणजे काय ते त्यानं आत जाऊन एकदा पाहिलं, खडखडाटानं कान धरले आणि जो बाहेर पडला तो तेरा वर्षं तिकडे फिरकला नाही. सकाळी हजेरी लावायची, मिलमागच्या मैदानावर जायचं, बस्स.

आता माग काही रिकामे ठेवता येत नाहीत. कायम कामगार हजर नसला की त्याच्या जागी बदली कामगार उभा करायचा, ही मिलची रीतच. रुपरावच्या मागांवर उभा राहिला ताराचंद निनावे, तांडापेठेतला कोष्टी. बापजाद्यांपासून हातमागावर बसलेलं घर. आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या नुसत्या आवाजावरून त्यातल्या कांडीत किती सूत उरलं ते सांगणारा माणूस. रुपरावपेक्षा चार वर्षांनी मोठा. बदली म्हणजे खरं तर आज काम आहे, उद्या नाही. पण रुपराव रोजच खेळायला, म्हणून ताराचंदला रोजच काम. आणि रुपराव जागेवर कायम, म्हणून ताराचंद जन्माचा बदली. त्या जागेवर दोघांना एकाच वेळी कायम होता येत नव्हतं. विणाईतले लोक रुपरावला तोंडावर म्हणायचे, आयत्या मागावर नागोबा. रुपराव हसायचा. ताराचंद मात्र हसत नसे.

त्याला हसून चालणारं नव्हतं ना! रुपराव ज्या दिवशी खेळायचा थांबेल, त्या दिवशी तो आपल्या मागांवर परत येणार आणि ताराचंद फाटकाबाहेर. म्हणून मिलमध्ये रुपरावची जेवढी काळजी सेठला नव्हती तेवढी ताराचंदला. सुटीच्या दिवशी मॅच असली की हा मैदानाच्या दोरीला चिकटून उभा. कोणी रुपरावला आडवा गेला की याचा जीव वर. गुडघा सुजला की तिळाच्या तेलात लसूण कढवून नंदनवनाकडे सायकल मारत यायचा; तिकडे तेव्हा शेतंच होती, त्यातल्या दोन खोल्यांत रुपराव राहायचा. जमिनीवर बसून तासभर पाय चोळायचा. रुपरावची बायको सत्यवती सुरुवातीला संकोचायची, एवढा मोठा माणूस आपल्या नवऱ्याचे पाय धरतो म्हणून. पुढं तिलाही सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

बहात्तर साली सेठच्या बापाच्या नावाचा कप होता. सेमीफायनलला रुपरावचा उजवा गुडघा कडकन वाजला. मैदानावर तो उठला, खेळलासुद्धा, पण घरी येईस्तोवर गुडघ्याचा भोपळा झाला. सत्यवतीनं त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गुडघा हलवून पाहिला, आणि हिंदीत, दोघांना नीट समजेल असं सांगितलं, की सहा महिने बॉलला पाय लावायचा नाही; लावला तर पुढं कुबडी. तेच त्यानं इंग्रजीत कागदावर लिहून दिलं, मिलमध्ये द्यायला.

फायनल बारा दिवसांवर होती. आणि मिलचा नियम असा, की खेळाडू सहा महिने बसला की तो खेळाडू नाही, कामगार. रुपरावला त्या खडखडाटाची दहशत होती. एकतीस वर्षांचा गडी, बॉल सोडून दुसरं काही शिकला नव्हता, आणि विणाईतले लोक तो कधी तोंडावर आपटतो याचीच वाट बघत होते. संध्याकाळी ताराचंद तेल घेऊन आला. तो सातवी शिकलेला, इंग्रजी अक्षर लावून वाचायचा. रुपरावनं दवाखान्यातलं काही न बोलता कागद त्याच्या हातात दिला आणि वाच म्हणाला.

का दिला? हे पुढं सत्यवतीनं त्याला शंभरदा विचारलं. उत्तर सोपं होतं, पण त्याच्या तोंडून निघत नव्हतं. त्याला दुसऱ्या कोणीतरी खेळ म्हणावं असं हवं होतं.

ताराचंदनं कागद वाचला. दोनदा वाचला. मग तो म्हणाला की डॉक्टर लिहितात, दहा दिवस मालिश करा, मग खेळायला हरकत नाही. सत्यवतीनं तोंड उघडलं तर रुपरावनं तिच्याकडे असं पाहिलं की ते तिनं मिटलं. रुपराव बरं म्हणाला. ताराचंदनं कागद घडी करून खिशात घातला, मिलमध्ये मीच देतो म्हणाला, आणि त्या कागदाचं तोंड पुन्हा कोणी पाहिलं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. फरक एवढाच की रुपरावला दोन्ही चूप माहीत होत्या, ताराचंदला फक्त आपली.

फायनल मिलनं जिंकली. रुपरावच्याच पासवर एकुलता एक गोल झाला. फोटो आला तो गोल मारणाऱ्याचा.

त्यानंतर दोन वर्षं तो गुडघा पट्टीत बांधून, तेलात बुडवून चालवला. चालवला म्हणजे काय, ओढला. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात कामठीच्या टीमशी लीगची मॅच होती. कोणी जवळ नाही, कोणी धक्का दिला नाही. रुपराव वळला आणि पाय मात्र वळला नाही. चार जणांनी उचलून बाहेर आणला. त्या दिवशीचा त्याचा ओरडा दोरीपाशी उभ्या असलेल्या ताराचंदनंही ऐकला.

सेठ तोवर वारला होता. त्याच्या मुलाला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो. दोन महिन्यांनी रुपराव लंगडत मिलमध्ये गेला तेव्हा ऑफिसनं त्याला सांगितलं, की पंधरा दिवसांत आपले माग शिका. सोळाव्या दिवशी विव्हिंग मास्तर परीक्षा घेतील. जमलं तर माग तुमचे. नाही जमलं तर नाव कापलं जाईल आणि जागा सगळ्यात जुन्या बदलीला कायम मिळेल. सगळ्यात जुना बदली कोण, हे सांगायची गरज नव्हती. आणि त्या दोन मागांच्या खोडी दुनियेत एकाच माणसाला ठाऊक होत्या.

लोकांनी पैजा लावल्या, की ताराचंद याला काडीचं शिकवणार नाही. काहून शिकवेल? स्वतःच्या हातानं स्वतःचं ताट दुसऱ्यापुढे कोण सरकवतो? पण ताराचंदनं शिकवलं. मन लावून शिकवलं. तुटलेला दोरा कसा सांधायचा, धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं कसं ओढायचं, उभ्या सुताचा ताणा ढिला पडला की कापडावर तो कुठं दिसतो. रुपरावची बोटं जाडी, लाकडाची. एकेक गाठ वीस-वीसदा बांधून घेतली. गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून कसं उभं राहायचं, तेसुद्धा दाखवलं. रुपराव मनातून चकित होता आणि मनातूनच त्याला कारणही माहीत होतं. त्या कागदाचं ओझं ताराचंदला झोपू देत नव्हतं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी ताराचंद घरी आला. तेल नव्हतं हातात. खाली बसला आणि रडायलाच लागला. त्यानं सगळं ओकून टाकलं, कागदात काय होतं आणि आपण काय वाचलं ते. मग डोळे पुसून म्हणाला, "तुहा पाय म्या खाल्ला, रुपराव. म्हणून शिकवून राहिलो. माग घे तुहे, पण मले माफ कर गा."

सत्यवती चुलीपाशी होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं त्याला: मलेही माहीत होतं. डॉक्टर माह्याच तोंडावर बोलला होता. एवढं बोलला असता तर समोरचा माणूस हलका होऊन घरी गेला असता. पण डाव्या मागाची एक खोड अजून शिकायची राहिली होती, ती ताराचंद शेवटच्या दिवशी दाखवणार होता. रुपरावनं ताराचंदच्या खांद्यावर हात ठेवला, माफ केल्यासारखा. हे त्याच्या हातून घडलं, आणि पुढं त्या हाताची त्याला स्वतःला किळस यायची.

ताराचंद गेल्यावर सत्यवतीनं विचारलं, "काहून नाही सांगतलं तुमी?"

"उद्याचं शिकवणं थांबलं असतं," रुपराव म्हणाला.

सकाळी ती त्याच्याआधी उठली, पदर खोचला आणि पायी तांडापेठेत गेली. परत आल्यावर चूल पेटवता पेटवता सांगितलं, की मी ताराचंदभाऊंना सगळं सांगून आली. दोन वर्षं तो माणूस रोज मरून राहिला होता, माझ्यानं नाही पाहवलं. रुपरावला वाटलं हात उगारावा. पण उगारायला तोंड तर पाहिजे!

मिलमध्ये पोचला तर ताराचंद मागापाशी उभा. चेहरा दगड. रुपरावनं नाव घेतलं, त्यानं ऐकलंच नाही. डाव्या मागाकडे बोट करून नुसतं कामाचं बोलला. हा माग थांबवून पुन्हा सुरू करायचा तर आधी चाक अर्धं मागं फिरवायचं, धोटा कडेच्या पेटीत हातानं पार शेवटपर्यंत दाबायचा, मगच दांडा ओढायचा. नाहीतर धोटा उडतो. मागं एकाचा डोळा गेलाय. एवढं सांगून तो ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी रुपरावनं डावा माग थांबवून पाहायची हिंमत केली नाही. चाक मागं फिरवायचं की पुढं? खरं सांगितलं की उलटं? मैदानात समोरचा गडी डावीकडे जाणार की उजवीकडे हे तो त्याच्या कमरेवरून ओळखायचा, त्यात त्याचा हात धरणारा नागपुरात नव्हता. पण या माणसाचं काही ओळखू येईना. याच्या जागी आपण असतो तर उलटंच सांगितलं असतं, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळत होतं.

दुसऱ्या दिवशी विव्हिंग मास्तर आला. उजवा माग चालला. दोरा तुटला, रुपरावनं सांधला. मग मास्तरनं डावा माग मुद्दाम थांबवला आणि सुरू कर म्हणाला. ओळीतले सगळे मागं सरकले. रुपरावनं चाक धरलं. त्यानं टोकाला उभ्या असलेल्या ताराचंदकडे पाहिलं. तो मागाकडे बघत होता, रुपरावकडे नाही. रुपरावनं अर्धं चाक मागं फिरवलं, धोटा दाबला, डोळे मिटले आणि दांडा ओढला.

माग सुरळीत चालायला लागला. मास्तरनं वहीत खूण केली आणि पुढं गेला.

रुपराव लंगडत ओळीच्या टोकाला गेला. त्याला काही म्हणायचं होतं, पण खडखडाटात ताराचंदनंच त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तुह्यासाठी नाही शिकवलं. ते माग माहे होते. खोटं शिकवून त्याईले मोडता आलं नाही मले," तो म्हणाला, आणि खुंटीवरचा आपला डबा काढून निघून गेला.

रुपराव ठवकरनं ते माग पुढं अकरा वर्षं चालवले, शहाऐंशीत मिल बंद पडेस्तोवर. वाईट चालवले नाहीत. ताराचंद दोनेक वर्षं रोज सकाळी भोंग्याआधी बदलीच्या रांगेत उभा राहायचा. कधी काम मिळायचं, बहुतेकदा नाही. रुपरावच्या गुडघ्यानं त्याला महिन्यातून तीन-चार दिवस अंथरुणात पाडलेलं असायचं, त्या दिवशी बदल्यांना काम वाटणारा जॉबर त्या दोन मागांसाठी ताराचंदचंच नाव पुकारायचा. ताराचंद मान हलवून नाही म्हणायचा, डबा उचलायचा आणि घरी जायचा.