दोन फुटांतला ऑस्कर

आमच्या हॉलमधल्या दोन फुटी काचेच्या टाकीत मी ऑस्कर मासा ठेवला, ही माझी चूक. तो कशाने मेला हे बायकोला दोन वर्षं कळू दिलं नाही, हे त्याहून वाईट.

तिच्या गळ्याशी गाठ आली होती. डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलवायचे आणि "बघू" म्हणायचे. तिचं मन रमावं म्हणून टाकी घेतली. टाकी विकणारा मासेवाला भिवंडीत आला तेव्हा कापडाच्या लूमवर कामाला होता, नंतर शोभेच्या माशांचं दुकान टाकलं. माणूस सरळ. "सर, दो फुट में गप्पी रखो, मोली रखो. ऑस्कर मत लो. अभी उंगली जितना है, साल भर में हाथ जितना होगा. फिर घूमेगा किधर?"

मी शाळेत आठवीला घनफळ शिकवतो. पण तो बोटभर मासा काचेला तोंड लावून बायकोकडे टक लावून बघत होता, आणि ती कित्येक दिवसांनी हसली. मी म्हटलं, हाच द्या.

शेलार गावाहून सासूबाई आल्या. "आमच्याकडं मासा तव्यावं जातो. जावयांनी काचंत ठेवलाय!" असं म्हणायच्या आणि आपल्या जेवणाआधी त्याला दाणे टाकायच्या. बायको खोलीत आली की तो शेपूट हलवत पुढे यायचा. मी आलो की ढुंकूनही बघायचा नाही.

वर्षभरात तो वळला की शेपूट काचेवर आपटायला लागली. दर रविवारी पाणी बदललं तरी बुधवारपर्यंत गढूळ. मग माशाच्या कपाळावर खड्डे पडले. मी एकटाच दुकानात गेलो. "चार फुट का लो, नहीं तो मुझे वापस दे दो," तो म्हणाला. चार फुटी टाकी आमच्या हॉलमध्ये मावत नव्हती. आणि बायकोच्या ऑपरेशनची तारीख लागलेली असताना तिचा मासा परत द्यायचा, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. हॉस्पिटलच्या धावपळीत दोन रविवार पाणीही बदललं गेलं नाही.

गाठ साधी निघाली. रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो तर मासा उलटा तरंगत होता.

"तुजा सगला त्यानी अंगावं घेतला गो," सासूबाई लेकीला म्हणाल्या. घरावरचं संकट मासा स्वतःवर घेतो, असं आमच्याकडे पुष्कळजण मानतात. बायकोने रडत टाकीसमोर हात जोडले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावरची भीती पहिल्यांदाच गेलेली दिसली, आणि मी गप्प बसलो. पुढे कोणी आजारी पडलं की ती ही गोष्ट सांगायची, आणि मी उठून गॅलरीत जायचो.

गेल्या महिन्यात कोन गावच्या मेहुणीचं ऑपरेशन ठरलं. बायको म्हणाली, "अहो, ती टाकी धुवून द्या ना. तसाच ऑस्कर घेऊ, तिच्याकडे ठेवू."

म्हणजे आणखी एक जीव त्याच काचेत. मी सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला होता तेही, चुकलेले दोन रविवारही.

 ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्याला हात जोडतेय. आणि तुम्ही गॅलरीत!"

"हो."

"त्याला दुखत होतं का हो?"

"दुखत असणार."

ती रडली. मासा गेला त्या दिवशी हात जोडून रडली होती तशी नाही. घरातलं माणूस गेल्यासारखी. त्या रात्री तिने भाजी केली, पण मला वाढली नाही. माझं मी वाढून घेतलं.

रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. तिनेच टाकीची मापं सांगितली, तिनेच विचारलं, "भैया, ये बडा होके कितना होता है?" प्रत्येक माशाबद्दल विचारलं. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. शेवटी सहा गप्पी घेतले.

कोनला टाकी मांडून झाल्यावर मेहुणीने गप्पींची पिशवी उजेडात धरली. "ताई, एवढुसे? हे काय माझं अंगावर घेणार?"

"काही नाही घेणार," बायको म्हणाली. "तू त्यांचं बघायचंस. दर रविवारी पाणी बदलायचं. तू हॉस्पिटलात असशील तेव्हा हे येतील."

हे म्हणजे मी. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण मेहुणीकडून पिशवी घेऊन माझ्या हातात दिली.