भायासमोरचा जबाब

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणी उलटतपासणी घ्यायला नको. फौजदार असताना मी एका बाईकडून एकाच सकाळी एकाच गुन्ह्याच्या तीन वेगवेगळ्या कबुल्या घेतल्या, तिन्ही एकाखाली एक लिहून काढल्या, खाली तिचा अंगठा घेतला आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. कुणी हात उगारला नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळं नियमानं झालं अशी माझी समजूत होती. तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे, आणि विसरायचं म्हटलं तरी नात विसरू देत नाही. ती नांदेडला वकिलीचं शिकते आणि जेवताना हळूच विचारते, "आजी, त्या बाईनं गंज कितीदा पेटवली होती म्हणालीस?"

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात नवी होते. माहेर नांदेडचं, वडील शिक्षक. खेडं मी पाहिलं होतं ते विष्णुपुरीच्या धरणावर सहलीला जाताना बसच्या खिडकीतून. पण अंगावर वर्दी होती, कमरेला पट्टा होता आणि प्रशिक्षणाच्या वह्या तोंडपाठ होत्या. आपल्याला माणसं कळतात असं त्या वयात वाटतंच. मला जरा जास्त वाटत होतं.

गुन्हा असा. शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका गावात सोयाबीनची काढणी होऊन पेंढ्यांची गंज रचली होती, मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. भर दुपारी ती पेटली. गावकरी घागरी-बादल्या घेऊन पोचेपर्यंत राख. गंजवाला नुसता राखेभोवती फिरत होता. पंचनामा केला. मागच्या बाजूने रॉकेलचा वास येत होता, म्हणजे आग लावलेली हे नक्की. कुणी लावली, एवढंच उरलं.

फाट्यावर आमचा एक खबऱ्या होता, चहाची टपरी चालवायचा. त्यानं माझं काम फारच सोपं करून दिलं. गंजवाल्यानं पाणंदीवर काट्या टाकून शेजाऱ्यांची गाडी अडवली होती. आदल्या दिवशी त्या शेजारच्या घरची धाकटी सून त्याच्याशी भांडली होती. "बाई, लई लांब जाऊ नका," तो म्हणाला. "काल ती म्हनली, तुझी गंज जळून खाक व्हईल. आज झाली. अजून काय पायजे?" वर असंही सांगितलं की ती खळ्याकडून पळत येताना दिसली, आणि तिचे दोन्ही हात भाजलेत.

खबऱ्या आपण पाहिलेलं कमी आणि गावात बोललं जाणारं जास्त सांगतो, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मी तिला ठाण्यात यायचा निरोप धाडला.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिशीच्या आतली, हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. नवरा ट्रकवर, चार दिवस येणार नव्हता. म्हणून सोबत नवऱ्याचा थोरला भाऊ, तिचा भाया, आला होता. पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं मऊ. घरी तिची दीड वर्षाची मुलगी सासूजवळ ठेवली होती.

मला तर आनंदच झाला. बाईची चौकशी करताना नातेवाईक हजर असला की कुणी बोट ठेवायला नको. मी भायाला म्हटलं, "दादा, तुम्ही बसा इथेच, म्हणजे हिला धीर येईल." तो खुर्चीवर बसला. तिला खुर्ची दिली तर ती भिंतीकडे तोंड करून खाली बसली, पदर हनुवटीपर्यंत ओढून.

मग मी भिंतीवरच्या फलकावरचे हक्क तिला वाचून दाखवले. मौन बाळगण्याचा हक्क, वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क, असं सगळं जड मराठीत, शाळेत पाढे म्हणावेत तसं. तिनं मान हलवली. मी डायरीत लिहिलं, 'हक्क समजावून सांगितले.'

आमच्याकडे चौकशीच्या काही ठरलेल्या तऱ्हा असतात. एकानं रागवायचं, दुसऱ्यानं समजूत काढायची. आपल्याला सगळं माहीत आहे असं दाखवायचं आणि समोरचा काय करतो ते बघायचं. किंवा चहा पाजून आक्का व्हायचं. मी आक्का झाले. भायाच्या हातात कपबशी दिली. चहा तिच्यापुढे ठेवला, तिनं हात लावला नाही. 'चहा नाकारला,' हेही मी लिहिलं. जणू तो पुरावाच होता. खरं बोलणारा डोळ्याला डोळा देतो असं वहीत होतं. ही तर अख्खी पाठ देऊन बसली होती, म्हणजे गुन्हा तेवढाच मोठा असणार.

मग मी हुकमी पान टाकलं. म्हटलं, "आग लावताना पाहणारा माणूस आमच्याकडे आहे." असा कुणी माणूस नव्हता. तिचे खांदे दचकले. मी खूश.

मग विचारलं, गंज तू पेटवलीस? मान 'हो' अशी हलली. एकटीनं? हलली. का सोबत कुणी होतं? तेव्हाही हलली. नवऱ्यानं सांगितलं होतं? हलली. मनानंच केलंस? पुन्हा हलली. मी सगळं लिहीत गेले. मधेच माझंच डोकं गरगरायला लागलं, कारण कागदावर ती एकटी होती, दोघं होती, आणि नवरा ट्रकवर असूनही खळ्यावर उभा होता. पण मान हलत होती आणि माझा पेन चालत होता. भाया अधूनमधून म्हणायचा, "बाई, जरा सांभाळून घ्या, भोळी हाय." एवढा समजूतदार माणूस! मी त्या बाईला म्हटलंसुद्धा, "असा भाया मिळायला नशीब लागतं." तिनं त्यावरही मान हलवली.

दुपारी पोलीस निरीक्षक आले. जबाब वाचला. पहिल्या पानावर कपाळाला आठी, दुसऱ्या पानावर चष्मा काढला. म्हणाले, "ही गंज पेटली की यात्रा भरली?" मग एकेक करून माझी पिसं काढली. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलंच कसं, तिच्या घरी जायचं असतं. तपासातल्या जबाबावर अंगठा कशाला घेतला, तो घ्यायचाच नसतो. आणि पोलिसापुढची कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरतच नाही, तर एवढी तीन पानं लिहिली कुणासाठी.

मी अंगणात येऊन उभी राहिले. चौकशीभर दाराशी उभी असलेली आमची महिला शिपाई तिथं हसू दाबत होती. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, अशाच एका घरची सून. मी म्हटलं हसतेस काय. ती म्हणाली, "बाई, तुमी नांदेडच्या, तुमाला कसं कळावं. आमी भायापुढं पाणीसुद्धा मागत न्हाई. तोंड दाखवत न्हाई, आवाज काढत न्हाई. तुमी तिला तुझं नाव कलेक्टर हाय का इचारलं असतं तरी तिनं मान हलवली असती."

मी म्हटलं, मग हातांचं काय. तिनं दोन बोटं काडी धरल्यासारखी जुळवली. "आग लावनाऱ्याची बोटं भाजत्यात. हिचे तळहात भाजलेत, दोन्ही. पेंढ्या वढून काढल्याबिगर असे भाजत न्हाईत." आणि जाता जाता म्हणाली, "पाहनारा माणूस हाय म्हनलात, तवा हिचे खांदे बघितले तुमी. त्याच्या हातातली कपबशी न्हाई बघितली. कपबशी वाजली हो बाई."

आता मात्र मला काहीच कळेना. सकाळी गुन्हेगार हातात होती, दुपारी साक्षीदारही धड राहिली नव्हती. आणि तिला मी तसंच अडकवलं असतं तर? गुन्हा जामिनाचा, चार दिवसांत सुटली असती. पण पोलिसांत नाव चढलेल्या सुनेला त्या घरानं पुन्हा उंबरा ओलांडू दिला असता का? आणि दीड वर्षाची ती पोर कुणाकडे राहिली असती?

हातांवर उपचार करायला म्हणून तिला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. भाया मोटारसायकलवर मागोमाग हजर. "बाईमानूस हाय, सोबत पायजे." शिपाईबाईनं त्याला दारातच थांबवलं, आत बायकांचा वॉर्ड आहे म्हणून. नर्सनं पट्ट्या बांधल्या. मी बाकावर तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, आता बोल. ती गप्प. भाया नाही, तरी गप्प. माझा पुन्हा गोंधळ. म्हणजे शिपाईबाईचं चुकलं की काय?

नर्स बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "ते कुठं हायत?"

"बाहेर."

"बाहेर म्हंजे किती बाहेर?"

शिपाईबाई उठली. ठाण्यात एक सही राहिली आहे असं सांगून भायाला घेऊन गेली. मोटारसायकलचा आवाज पार ऐकू येईनासा झाला, तेव्हा तिनं पदर मागे सारला. पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला.

ती बांधावर गवत कापत होती. गंजेमागून 'थोरले' निघाले, हातात डबा. त्यांनी तिला पाहिलं, तिनं त्यांना. डबा पडक्या विहिरीत टाकून ते निघून गेले. ती धावली, पेंढ्या ओढायला लागली, हात भाजले तशी मदतीला गावाकडे पळाली. घरी ते तिला एक शब्द बोलले नाहीत. सासूला मात्र तिला ऐकू जाईल असं म्हणाले, धाकटीला पोलीस नेतील, पोर सांभाळावी लागेल. "तोंड उघडलं तर घर जातंय," ती मला म्हणाली, "न्हाई उघडलं तर लेकरू." त्याचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. जबाबात आम्ही 'माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ' असं लिहिलं, आणि या वेळी अंगठा घेतला नाही.

पंचांसमक्ष विहिरीतून डबा निघाला. भायाला बोलावलं, हक्क वाचून दाखवले. त्यानं वकील आणला, वकिलानं गप्प राहायला सांगितलं आणि तो गप्प राहिला. मला राग आला नाही. तो त्याचा हक्क होता आणि त्यानं तो नीट वापरला. मी मात्र विचारात पडले. तोच फलक, तेच शब्द दोघांना वाचून दाखवले. त्याला गप्प राहायचं होतं आणि कायदा त्याच्या कामी आला. तिला बोलायचं होतं, आणि मी तिला गप्प बसायचा हक्क वाचून दाखवत होते.

दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब झाला त्या दिवशी घरातलं माणूस व्हरांड्यातसुद्धा नको, अशी विनंती मी लेखी केली. नवरा परतला. दोन दिवस डोकं धरून बसला. मग बायकोला आणि मुलीला घेऊन लातूरला वेगळी खोली केली.

वाचणाऱ्या बायकांनी एवढं ध्यानात ठेवावं. चौकशीसाठी पोलिसांनी तुमच्या घरी यायचं असतं. सूर्य मावळल्यावर बाईला एरवी अटक करता येत नाही. तपासातल्या जबाबावर सही मागितली तर का म्हणून विचारा. अटक झालीच तर कुणाला कळवायचं हे तुम्ही सांगायचं. जो सोबत आला तो तुमचाच माणूस, असं पोलिसांना गृहीत धरू देऊ नका. वकील मागा. हे सगळं फलकावर लिहिलेलं असतं. मीच रोज त्याच्याखाली बसत होते.

खटला उभा राहिला तोवर माझी बदली झाली होती, तिच्या साक्षीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली. भाया आरोपीच्या जागी, तिच्या मागे. म्हणजे त्या दिवसासारखीच तिची पाठ त्याच्याकडे होती. फरक एवढाच की या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं. वकिलानं उलटसुलट विचारलं, तिनं एकदाही नुसती मान हलवली नाही. भायाला शिक्षा झाली ती पुढे निकालात वाचली.

साक्ष संपल्यावर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. मुलगी कडेवर होती, तळहातांवर गुळगुळीत डाग राहिले होते. मला वाटलं आभार मानेल, आणि मी चेहराही तसा करून ठेवला होता. ती म्हणाली:

"बाई, त्या दिशी तुमी मला दुपारपस्तोर इचारलं, कुणी केलं, कुणी केलं. एकदा तरी इचारायचं होतं, कुणापुढं बोलू शकतीस म्हणून."