चांदी, बॅटरीची गाडी आणि आई

पाडव्याला माहेरी होते, कोल्हापुरात. आमचं घर गवळ्यांचं, त्यामुळे दिवाळीत माणसांपेक्षा म्हशीचा थाट जास्त... शिंगं रंगवायची, पायात घुंगरू, कपाळावर मोरपिसं, आणि मग भर रस्त्यात मालकाच्या गाडीमागे तिला पळवायची.

या सोहळ्याचा इतिहास माझ्या वडिलांना, आबांना, तोंडपाठ. आजोबा म्हशीपुढे पायी पळायचे. मग सायकल आली. मग आबांची सायलेन्सर काढलेली फटफटी... तिचा आवाज कानावर पडला की म्हैस सुसाट. या सगळ्या इतिहासात बायका फक्त दारात, ओवाळायला.

यंदा आबांचा गुडघा धरला आणि फटफटीही भंगारात गेली. म्हणून भावाने, सुहासने, आपली बॅटरीची स्कूटर काढली. गाडी देखणी, पण तिला आवाजच नाही! आमची म्हैस चांदी ढिम्म. सुहास पुढे जाऊन परत आला, हॉर्न वाजवून झाला... ती आपली रवंथ करत उभी.

लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हशीला चार्जिंगला लाव की!"

मलाही हसू आलं, पण आबांचा चेहरा बघून थांबले. आमच्या घरची म्हैस पळाली नाही असा पाडवा त्यांनी कधी बघितला नव्हता. मान खाली घालून म्हणाले, "चल, घराकडं ने तिला."

तेवढ्यात आईने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि सुहासच्या मागे जाऊन बसली.

"बायका कुठं म्हशी पळवत्यात व्हय?" आबा म्हणाले.

"धारा काढत्यात न्हवं? मग!"

गाडी निघाली. आईने मागे वळून हाक मारली, रोज पहाटे गोठ्यात मारते तीच... "ये गं चांदेऽऽ!" चांदीने कान टवकारले आणि जी सुटली, ती चौक ओलांडूनच थांबली. गाडीला आवाज नव्हता ना, त्यामुळे आईची हाक सगळ्या रस्त्याला ऐकू गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी फराळाला आलेल्या पाहुण्यांना आबा नेहमीचा इतिहास सांगत होते. "आधी पायी, मग सायकल, मग फटफटी..." आम्हाला वाटलं, आता स्कूटर म्हणणार.

"...आणि यंदापास्नं आमची मंडळी!"

आई आत होती, तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं. पण आबांच्या ताटात चकल्या जरा जास्तच आल्या.